‘ण’ची भेंडी

(मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)

सर्व बाई, सर्व सर आणि १९९६च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आपल्या ग्रुपवरचा शब्दखेळ’. हा खेळ मी तयार केला, म्हणून त्याबद्दल मीच बोलावं असं ठरलं. खेळाची गंमत सांगणारच आहे. पण त्यातली एक गोष्ट तुम्हा सगळ्यांसमोर सांगायची राहिली आहे, तीही आज सांगते.

सुरुवात आपल्या वर्गापासूनच करते. ऑफ तास मिळाला की आपण भेंड्या खेळायचो. गाण्यांच्या भेंड्यांना बाजूच्या वर्गातून तक्रार यायची, म्हणून बाईंनी शब्दांच्या भेंड्या लावून दिल्या. खिडकीकडची रांग विरुद्ध दाराकडची रांग. मी खिडकीकडची, आणि वही-पेन घेऊन हिशेब ठेवणारीही मीच. म्हणजे खेळाडूही मी आणि पंचही मी. तेव्हा कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही, मला तर नाहीच.

आपल्या रांगेची युक्ती आठवते का? ‘ण’ किंवा ‘ळ’वर संपणारा शब्द द्यायचा. मराठीत ‘ण’वरून शब्द सुरू होत नाही, ‘ळ’वरूनही नाही. समोरच्यांनी कांगावा केला म्हणून नियम ठरला: ‘ण’ आला तर ‘न’ चालेल, ‘ळ’ आला तर ‘ल’. तरी आपण रांजण, अंगण, फळ, बाभूळ असे शब्द साठवून ठेवायचो आणि वेळ आली की टाकायचो.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. कुणी डॉक्टर झालं, कुणी बँकेत गेलं, कुणी वडिलांचं दुकान सांभाळलं. मी इंजिनियर झाले आणि दिवसभर संगणकाला सूचना लिहिण्याच्या कामाला लागले. आपला ग्रुप सुरू झाला तो वाढदिवस, शुभ सकाळ आणि डब्यातल्या भाज्यांचे फोटो यांवर चालत होता. मग २०२२चा जानेवारी आला आणि ग्रुपवर हिरवे-पिवळे चौकोन दिसायला लागले. तेच ते वर्डल. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, ओळखायला सहा संधी, दिवसाला एकच कोडं.

त्या खेळाची गोष्ट मला फार आवडते. जॉश वॉर्डल नावाच्या एका सॉफ्टवेअर इंजिनियरनं तो आपल्या जोडीदारासाठी केला. तिचं नाव पलक शाह. तिला शब्दखेळांची आवड होती. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२,००० निघाले, पण त्यातले बरेच कुणाच्या ऐकिवातले नव्हते. तेव्हा पलक शाह यांनी एकेक शब्द पाहिला आणि आपल्याला तो माहीत आहे की नाही हे सांगितलं. त्यातून सुमारे २,५०० शब्दांची यादी उरली. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यानं खेळ सगळ्यांना खुला केला आणि ३१ जानेवारी २०२२ला न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतल्याचं जाहीर केलं. म्हणजे जगभर लाखो लोक सकाळी उठून जो शब्द शोधत होते, तो एका बाईच्या ओळखीचा शब्द होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन महिने आपण इंग्रजीत खेळलो. मग आपल्या ठाण्याच्या डॉक्टरांनी ग्रुपवर लिहिलं, “आपण सगळे मराठी माध्यमाचे, आणि सकाळी सकाळी इंग्रजी शब्दांपुढे डोकं कसलं आपटतोय? मॅडम इंजिनियर, मराठीत करा की काहीतरी!” मी ‘बघते’ म्हटलं. आपल्यात ‘बघते’ म्हणजे नाही. पण त्या वर्षी गणपतीची सुट्टी होती, मोदक झाले होते, आणि मी बसले.

न्यूयॉर्क टाइम्सचाच दुसरा एक खेळ आहे, स्पेलिंग बी. सात अक्षरं देतात, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात यायलाच हवं, आणि त्यांतून होतील तेवढे शब्द करायचे. मी तसाच साचा घेतला. पण मराठीत करायला बसल्यावर पहिलाच प्रश्न पडला: अक्षर म्हणजे काय? आपल्याला ‘स्त्री’ हे एक अक्षर दिसतं. संगणकाच्या लेखी ते सहा आहेत: स, हलन्त, त, पुन्हा हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. माझ्या पहिल्या प्रयोगात ‘स्त्री’ला सहा घरं लागली. ते बघून माझा मुलगा म्हणाला, “आई, एवढी जागा कुठेच मिळत नाही तिला.” मुलगा अकरावीत होता. अशी वाक्यं मोबाईलवर वाचून पाठ करतो.

शेवटी ठरलं ते असं. सात व्यंजनं द्यायची. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ज्याचे त्यानं लावावेत. जोडाक्षर केलं तरी चालेल. शब्द किमान तीन अक्षरी हवा, जितकी अक्षरं तितके गुण. कोडं सकाळी सातला येईल, आणि रात्री दहाला त्या दिवशीचे ‘हुकलेले शब्द’, म्हणजे कुणालाच न सापडलेले शब्द, जाहीर होतील.

पहिल्याच आठवड्यात बोंबाबोंब झाली. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. या दोन शब्दांसाठी मराठीला र दोन तऱ्हांनी लिहावा लागतो. पण एकीच्या फोनवरचा ‘ऱ्या’ आणि दुसरीच्या फोनवरचा ‘ऱ्या’ पडद्यावर अगदी सारखे दिसत असले, तरी आत वेगळ्या खुणांनी साठवलेले असत. एकीला चार दऱ्यांचे गुण मिळाले आणि दुसरीला तोच शब्द चूक म्हणून परत आला. तिनं मला रात्री अकराला फोन केला. चूक माझी होती, दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली. असली चूक दुरुस्त करायला सोपी असते.

मग रंग चढला. न्यू जर्सीच्या मैत्रिणीला आपली सकाळ म्हणजे तिची आदली रात्र. आपला चहा होईपर्यंत तिचे वीस शब्द झालेले असायचे. डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये खेळतात, ही गोष्ट इथेच राहू दे. बँकवाले साहेब रोज सांगायचे, “मी काही स्पर्धेसाठी खेळत नाही,” आणि एका गुणानं मागे पडले की पुन्हा मोजायला लावायचे. आपल्या मराठीच्या बाईंना त्यांच्या नातीनं खेळ लावून दिला, आणि आपल्याला पंचवीस वर्षांनी पुन्हा धडकी भरली. बाई रोज शेवटून खेळायला येतात आणि पहिल्या नंबरानं जातात.

आणि रात्री दहाचे हुकलेले शब्द! त्याची मजा जिंकण्याहून जास्त. ‘कणीस’ कुणालाच सापडलं नव्हतं त्या दिवशी आठवतं? श्रावण चालू होता, त्या संध्याकाळी निम्म्या ग्रुपनं स्टेशनबाहेर कणीस खाल्लं होतं. ग्रुपवर नुसते कपाळावर हात. शब्द माहीत नव्हता असं नाही, सुचला नाही. मला वाटायचं, आपण मराठी विसरत चाललो. बाई म्हणाल्या, “विसरलात नाही गं. दिवसभरात तो शब्द उच्चारायची वेळच येत नाही तुमच्यावर.” खरं आहे. माझा दिवस ज्या भाषेत जातो तिला इंग्रजी म्हणणंही कठीण आहे.

आता ती गोष्ट.

२०२३च्या उन्हाळ्यातलं एक कोडं. अक्षरं होती क, ख, ज, न, र, स आणि मधलं ‘ण’. मी मुद्दाम ‘ण’ मध्ये ठेवला होता, जुन्या भेंड्यांच्या आठवणीसाठी. सकाळी सात वाजून चार मिनिटांनी सात जणांनी ‘राजकारण’ लिहिलं. आपला देश कुठे चाललाय ते कळलं. मग कारण, किरण, सारण, कणखर, जाणकार आले. बाईंनी रांजण आणि सोनारीण काढले. छान चाललं होतं.

दुपारी मला एका मैत्रिणीचा खासगी निरोप आला. ती दाराकडच्या रांगेतली, शेवटून दुसरा बाक. ती समोर बसली आहे, नाव घेऊ नकोस असं तिनंच सांगितलंय. निरोप असा होता: “मी खाजण लिहिलं. आम्ही घरी खाजन म्हणतो, पण मी मुद्दाम ण लावून लिहिलं. तरी तुझं मशीन ‘शब्द यादीत नाही’ म्हणालं. असो.”

त्यानंतर चार दिवस ती खेळली नाही.

खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीचं पाणी येतं ती खारी जमीन. आपल्यातले मुलुंड पूर्वेचे सगळे रोज तिच्या शेजारी राहिलेत. मिठागर रोडवरून शाळेत येत होतो आपण! मी नेहमीच्या सवयीनं आधी माझ्या कामात चूक कुठे आहे ते शोधलं. वाटलं, मूळ शब्दसंग्रहातच हा शब्द नसेल. पण आमच्या कामात प्रत्येक बदलाची नोंद राहते: काय बदललं, कोणी, कधी. ती नोंद उघडली. खाजण मूळ संग्रहात होता. मी जेव्हा एकेक शब्द चाळून ‘हा ठेवू, हा नको’ करत होते, तेव्हा एका रात्री तो काढून टाकला होता. पुढे माझंच नाव आणि वेळ रात्री ११.४०. यंत्र तिला नाही म्हणालं नव्हतं. मी म्हणाले होते.

मग कोश काढले. शिकागो विद्यापीठानं जुने मराठी कोश संगणकावर खुले ठेवले आहेत. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची, त्यात सुमारे ६०,००० शब्द. त्यात खाजण आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका इंग्रज अधिकाऱ्याला आणि त्याच्या पंडितांना जो शब्द नोंदवावासा वाटला, तो मुलुंडमध्ये वाढलेल्या मुलीनं ‘नको’ म्हणून काढला. का? तर मला माहीत नव्हता.

आणि तिथे बसल्या बसल्या मला १९९५ आठवलं.

तोच ऑफ तास. आपल्या रांगेनं ‘रांजण’ टाकला. ‘ण’ला ‘न’ चालेल, म्हणून दाराकडच्यांना ‘न’ आला. नगर, नदी, नवरा सगळे संपले होते. मी आकडे मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात ती उभी राहिली आणि म्हणाली, “निवटी.” मी म्हटलं, “असा शब्दच नाही.” ती म्हणाली, “मासा असतो. खाडीतला. चिखलावर उड्या मारतो.” मी म्हटलं, “शब्दकोशात दाखव.” आपल्या रांगेतून कुणीतरी तिच्या ‘पानी’ची नक्कल केली. वर्ग हसला. मी वहीत त्यांच्यावर भेंडी चढवली. बाई वर्गात नव्हत्या, म्हणून हे त्यांनाही आज कळतंय.

ती त्यानंतर भेंड्या खेळली नाही. हे मला तेव्हा जाणवलंही नाही. जाणवलं ते २०२३मध्ये, तिनं खेळ सोडला तेव्हा. दोन्ही वेळा शब्द खाडीचा होता. दोन्ही वेळा पंच मी होते. आणि दुसऱ्या वेळी तर तिनं माझ्यासाठी ‘ण’ लावून आणला होता.

मी तिच्याकडे गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. तिचे वडील मिठागरावर कामाला होते, हे मला माहीत नव्हतं. वडील आता नाहीत. आई आहेत. त्यांनी मला सगळं काम समजावून सांगितलं. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, अडवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत उन्हात आटवत न्यायचं, आणि पावसाळ्याच्या आत मीठ ओढून रास करायची. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “भांगाला पानी वर येत नाही.” मी चमकले. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेला, भांगाची भरती अष्टमीला: भूगोलाच्या पेपरात दोन गुणांसाठी आपण हे घोकलं होतं. माझ्यासाठी ती व्याख्या होती. त्या घरात त्यावर दिवसाचं काम ठरायचं. आपल्या वर्गात भांगाची भरती खरोखर ठाऊक असलेली एक मुलगी होती, आणि तिला आपण शब्द येत नाहीत असं समजत होतो.

घरी येऊन मी खेळात दोन बदल केले. पहिला, तो निरोप बदलला. आता ‘शब्द यादीत नाही’ असं येत नाही. ‘हा शब्द मला ठाऊक नाही, अर्थ सांगाल?’ असं येतं. दुसरा, तुम्ही एका ओळीत अर्थ लिहिलात की शब्द यादीत जातो, त्यापुढे ‘कोणी दिला’ ही नोंद राहते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ‘रसखाजन: जेवणानंतरची झोप’ असा शब्द पाठवला, तो सोडून बाकी सगळे घेतले.

काय काय आलं त्यातून! अकोल्याला सासर असलेल्या मैत्रिणीनं ‘सांभार’ दिला. बँकवाले म्हणाले, इडलीबरोबर खातात तो शब्द मराठी कसा? ती म्हणाली, “आमच्याकडे कोथिंबिरीला म्हणतात. जुडी आणून दाखवू का?” कोकणातून ‘वायंगण’ आला, पावसाळी भातानंतर पाण्याच्या आधारानं घेतलेलं पीक. आणि भांडुपच्या आपल्या मित्रानं ‘बदली’ पाठवला. मी म्हटलं, हा तर आहेच. तो म्हणाला, “तुझ्या वडिलांची बदली व्हायची. माझे वडील बदली होते.” गिरणीत कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा, तो बदली. रोज सकाळी दारावर जाऊन बघायचं, आज काम आहे की नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मग त्याच्या वडिलांना दारावर जायचंही कारण उरलं नाही. पुढे त्यांनी रिक्षा चालवली. दहा वर्षं एका बाकावर बसून हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. शब्द तोच, तीन अक्षरं, तीन गुण.

मला शुद्धलेखन नको असं म्हणायचं नाही. बाई, घाबरू नका. साहित्य महामंडळाचे १९६२चे नियम आणि १९७२ची भर, असे अठरा नियम तुम्ही आमच्याकडून करून घेतलेत, त्यावरच आज माझा खेळ चालतो. पण ते नियम शब्द कसा लिहावा ते सांगतात. शब्द आहे की नाही, हे सांगायचा अधिकार त्यांनी कुणाला दिलेला नाही. तो मी परस्पर घेतला होता, एकदा वही घेऊन आणि एकदा संगणक घेऊन. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले आणि तरी १९५०मध्ये पुरवणी काढावी लागली. म्हणजे यादी पुरी झाली असं त्यांनाही वाटलं नाही.

मिठागरांच्या जमिनीवर घरं बांधायच्या बातम्या आपण वाचतो. काय व्हायचं ते होईल. पण जमीन गेली की तिच्यावरचे शब्द उच्चारायची वेळ येत नाही, बाई म्हणाल्या तसं. निदान आपल्या चाळीस-पंचेचाळीस जणांच्या यादीत ते असावेत.

तर आता राहिलेलं काम. तिच्या घरी मी तिला ‘चुकलं’ म्हटलं होतं. ती म्हणाली, “जाऊ दे गं, लहान होतो.” पण तेवढ्यावर ते मिटत नाही. हसलो तेव्हा सगळा वर्ग होता. माफी मात्र दोघींतच, चहाच्या कपावर, हा हिशेब बरोबर नाही. हिशेबाची वही माझ्याकडे होती, म्हणून मला तो जास्त कळतो.

म्हणून आज, त्याच वर्गासमोर सांगते. निवटी हा शब्द आहे. मी तो कोशात शोधला नाही आणि शोधणारही नाही. जो मासा बाजारात मिळतो, घरात शिजतो, त्याला कसला दाखला हवा? तू बरोबर होतीस. ती भेंडी आमच्यावर होती. मला माफ कर.

ती काय म्हणते ते तिचं ती ठरवेल. मला एवढंच सांगायचंय की गेली दोन वर्षं ती रोज खेळते आणि खाडीच्या शब्दांवर मला सपाटून हरवते. काल रात्रीच्या हुकलेल्या शब्दांत एकही तिचा नव्हता, चार माझे होते.

तुमच्यातले जे ग्रुपवर नुसते वाचतात आणि खेळत नाहीत, त्यांना विनंती आहे, उद्या सकाळी सातला या. तुमच्या घरचे, गावचे, वडिलांच्या कामावरचे शब्द घेऊन या. खेळ नाही म्हणणार नाही, अर्थ विचारेल.

जेवण तयार आहे असा मागून निरोप आलाय. पंगतीत भेंड्या होणारच. यावेळी वही मी धरणार नाही. ती दाराकडच्या रांगेकडे द्या. आणि ‘ण’ आला, तर सुरुवात ‘निवटी’पासून.